ताप, साप, बाळंतपण: दोडामार्गातून आधी कुठे जायचं, प्राथमिक केंद्र की थेट बांबोळी?

कुळागर

नमस्कार. दोडामार्ग तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने ठरवलंय की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फलक लावायचा. कुठल्या दुखण्याला पहिल्यांदा कुठे जायचं, एवढंच त्यावर लिहायचं. समितीला वर्षाला जो १०,००० रुपयांचा निधी मिळतो त्यातून खर्च बसतो. अडचण मजकुराची आहे.

उपकेंद्र चालत जाण्यासारखं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र ९ किलोमीटरवर, दोडामार्गचं ग्रामीण रुग्णालय १८ वर. सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय आणि ओरोसचं जिल्ह्याचं रुग्णालय एका दिशेला, म्हापसा आणि बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) बरोबर उलट दिशेला. गावातली निम्मी पोरं गोव्यात कामाला, त्यामुळे पाय आपोआप तिकडेच वळतात. सध्याचा रिवाज असा: उपकेंद्र ओलांडून बाजारातल्या डॉक्टरकडे जायचं, दोन इंजेक्शनं, एक सलाईन, नाहीच उतरलं तर गाडी करून बांबोळी.

चार गोष्टी हव्यात. या रिवाजात नेमकं कुठे चुकतं? साप, छातीत दुखणं, लकवा यांत कुठली दिशा धरायची? आपलं रेशनकार्ड बांबोळीत चालतं का? आणि बाळंतपणाची जागा कशी ठरवायची?

पाणंद

कुळागर, फलक लिहिण्याआधी एक गोष्ट समितीत मान्य करून घ्या. बाजारातल्या डॉक्टरकडे जाणारा माणूस मूर्ख नसतो. तो दवाखाना संध्याकाळी मजुरी संपल्यावर उघडा असतो, बाजाराच्या दिवशी तेल-मीठ आणायला गेलं की तेही काम होतं, पैसे सुपारी विकल्यावर दिले तरी चालतात आणि डॉक्टर घरच्यांना नावाने ओळखतो. प्राथमिक केंद्रात औषध फुकट असलं तरी सकाळच्या ओपीडीला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि रिक्षा गेली. शिवाय डॉक्टर त्या दिवशी शिबिराला किंवा बैठकीला गेलेले असले तर फेरी फुकट. 'सरकारी फुकट, खासगी महाग' हे गणित आपण मांडतो. गावकरी मजुरी आणि रिक्षाही त्यात धरतो, आणि त्याचंच बरोबर असतं.

चूक होते ती पुढे. इमारत बघून जागा ठरते. त्या घडीला तिथे कोण आहे आणि काय आहे, हे विचारलं जात नाही. म्हणून फलकावर रोगांची यादी लिहिण्याआधी फोन नंबर लिहा: समुदाय आरोग्य अधिकारी, आशा, प्राथमिक केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय. नंबरांखाली निघण्याआधी विचारायचे प्रश्न:

आत्ता ड्यूटीवर डॉक्टर आहेत का? लागणारी वस्तू (सापाची लस, रेबीजची लस, ऑक्सिजन, ईसीजी) शिल्लक आणि चालू आहे का? रुग्ण तुमच्याकडे राहू शकतो, की तुम्ही पुढे पाठवाल? पुढे पाठवणार असाल तर कुठे, आणि गाडी कुठली?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. 'पुढे पाठवू' असं उत्तर आलं की अठरा किलोमीटर उलट दिशेला जाऊन परत फिरणं वाचतं. मात्र साप, छाती आणि अंगावरून जाणारं रक्त यांत पुढे पाठवणार असले तरी वाटेत थांबावंच लागतं. ते पुढे कुणीतरी सविस्तर लिहील.

रोजच्या दुखण्यांचं तेवढं सोपं आहे. रक्तदाब, साखर, आधी निदान झालेल्या आजाराच्या गोळ्या, जखमेची पट्टी, लहान मुलांचं लसीकरण हे उपकेंद्रात. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी एका वेळी महिनाभराच्या गोळ्या देऊ शकतात आणि ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणंही करून देतात. रक्त तपासायचं असेल तर प्राथमिक केंद्रात महालॅबचा (सरकारच्या फुकट रक्ततपासणी योजनेचा) नमुना नेणारा माणूस किती वाजता येतो ते विचारा. त्याच्या आधी पोचलं तर तपासणी फुकट होते, उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. कुणी मागितले तर पावती मागा.

आता सलाईन. फलकावर हे जरूर लिहा, कारण अर्धी गर्दी त्यासाठी असते. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचसहा चमचे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. जो माणूस तोंडाने पाणी पिऊ शकतो आणि ज्याला सारख्या उलट्या नाहीत, त्याला पेज आणि एक लिटर पाण्यात कालवलेली ओआरएसची मोठी पुडी तेच काम करते. ताकद वाटते ती सोबत टोचलेल्या इंजेक्शनाने. त्यात स्टेरॉईड किंवा डायक्लोफेनॅक असलं तर ताप आणि दुखणं दोन दिवस दबतं, आतला आजार तसाच पुढे जातो.

सिस्टर_ताई

सापाचं मी लिहिते. इथे दिशा चुकली की माणूस हातचा जातो.

चावल्यावर पहिलं काम: चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला हलका बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, सूज चढली की निघत नाहीत. दोरीने आवळायचं नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही. माणसाला चालवू नका. साप मारून आणायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक, त्यासाठी पाच मिनिटंही घालवू नका.

मग जिथे डॉक्टर हजर आणि लस शिल्लक, अशा सगळ्यात जवळच्या जागी. फोनवर विचारायचा प्रश्न नेमका असा: "सापाच्या लसीच्या १० कुप्या आहेत का?" विषाची लक्षणं असली तर सुरुवातच ८ ते १० कुप्यांनी होते. मूल असलं तरी मात्रा तीच, कारण सापाने विष काही कमी सोडलेलं नसतं. जवळ १० कुप्या असताना बांबोळीची वाट धरणं म्हणजे तास-दीड तास विष मोकळं सोडणं. पहिली मात्रा जवळ घ्या आणि नंतर पुढे जा.

आपल्याकडे फुरसं जास्त. त्यात रक्त गोठत नाही. तपासणी साधी आहे: कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग एकदाच तिरपं करायचं. पातळ राहिलं तर विष चढलंय. ही तपासणी दोन कारणांनी फसते. नळी प्लास्टिकची असते, किंवा काचेची पण साबणाने धुतलेली. दोन्हीत चांगलं रक्तही गोठत नाही. पहिल्यांदा गोठलं म्हणून घरी पाठवणंही चूक. ती पुन्हा पुन्हा करावी लागते आणि रुग्णाला २४ तास नजरेखाली ठेवावं लागतं. "काही नाही, घरी जा" असं अर्ध्या तासात सांगितलं तर नातेवाइकांनी थांबायचा आग्रह धरावा.

मण्यारीचा धोका वेगळा. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. याला 'पित्त' म्हणून सोडा पाजत बसलेले लोक असतात. पहाटेचं पोटदुखणं आणि मिटणारे डोळे एकत्र दिसले की साप समजूनच हला. नाग आणि मण्यार यांत श्वास बंद पडू शकतो, म्हणून पहिल्या मात्रेनंतर व्हेंटिलेटर असलेल्या जागी न्यावंच लागतं. वाटेत श्वास थांबला तर देण्यासाठी अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ती दाबणारा माणूस गाडीत हवा. नुसती जीप नको.

एक आणखी. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरच चालते. बागेतला हिरवा चापडा तिच्यात येत नाही. तिथे सूज, वेदना आणि रक्त यांवर लक्ष ठेवून उपचार होतात. म्हणून "चापडा होता" हे खात्रीने माहीत असेल तर सांगा, नसेल तर अंदाज सांगू नका.

छातीत दुखणं: जवळच्या ज्या जागी ईसीजी निघतो तिथे. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि रक्तस्राव नसेल तर फोनवर डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा चावून खायला द्यावी. मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका. ईसीजीत मोठा झटका दिसला तर दोन वाटा असतात, रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी. पहिल्या तपासणीपासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच बरी, नाहीतर आधी इंजेक्शन. बांबोळीचा रस्ता, गाडी यायला लागणारा वेळ आणि वाटेतली वाहतूक धरून डॉक्टरांना हा हिशेब विचारा.

लकवा मात्र उलटा. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, असं दिसलं तर सीटी स्कॅन नसलेल्या दवाखान्यात अजिबात थांबू नका. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांतच देता येतं, आणि आत रक्तस्राव नाही हे सीटीशिवाय कळत नाही. म्हणून ॲस्पिरिनही देऊ नका, जिभेखाली बीपीची गोळीही नको. निघताना एक वेळ कागदावर लिहा: माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला. झोपेतून उठताना लकवा दिसला तर झोपायला गेल्याची वेळ.

कुळागर

सिस्टर ताई, १० कुप्यांचा प्रश्न जसाच्या तसा फलकावर जाईल. १०८ बद्दल एक शंका: सीमेवरच्या वाड्यांत फोन कधीकधी गोव्याला लागतो. आणि बांबोळीचे कागद?

रानमोडी

फोन ज्या टॉवरला जोडलेला असतो त्या राज्याच्या नियंत्रण कक्षात १०८ लागतो. गोव्याचा टॉवर पकडला तर फोन तिकडे. म्हणून उचलल्याबरोबर पहिलं वाक्य "महाराष्ट्र, जिल्हा सिंधुदुर्ग, तालुका दोडामार्ग, गाव अमुक". मग रुग्णाचं काय झालंय, मग ठळक खूण (देऊळ, शाळा, पूल). महाराष्ट्रात १०८ च्या गाड्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या आहेत. साधी, आणि व्हेंटिलेटरसह प्रगत जीवनरक्षक. श्वासाचा त्रास असेल तर तसं स्पष्ट सांगितलं तरच दुसरी पाठवायचा विचार होतो. १०८ साधारणपणे जवळच्या शासकीय रुग्णालयात नेते. "थेट बांबोळीला न्या" हा आग्रह दारात धरण्यात वेळ जातो. पुढचं पाठवणं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२.

आता पैसे. गोव्याबाहेरच्या रुग्णांना गोमेकॉत जानेवारी २०१८ पासून शुल्क सुरू झालं. सिंधुदुर्गातून मोठी ओरड झाली, आणि मग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून तिथे उपचार मिळण्याची वाट निघाली. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्याच्या रहिवाशांसाठी आहे. मुलगा म्हापशाला भाड्याने राहतो म्हणून आईला ती लागू होत नाही, त्या भरवशावर कुणी निघू नये.

आपल्या योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशनकार्डधारकांना ती खुली झाली. पण लोक दोन ठिकाणी फसतात. एक, ती दाखल झाल्यावर आणि यादीतल्या उपचारांनाच लागते. ओपीडीतली सोनोग्राफी, बाहेरून आणलेली औषधं यांना नाही. दोन, मंजुरी उपचाराआधी यावी लागते. बिल भरून मागाहून पावत्या दाखवल्या तर पैसे परत मिळत नाहीत. दाखल होताना पहिल्या तासातच आरोग्यमित्राचं (रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाचं) टेबल कुठे आहे ते विचारा. तातडीच्या रुग्णाची नोंद फोनवर होऊ शकते, कागद मागाहून देता येतात. काही शस्त्रक्रिया योजनेत फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्यामुळे खासगीत "ही यादीत नाही" असं उत्तर आलं तर तीच ओरोसला बसते का ते विचारा. १५५३८८ वर आपला आजार, आणि ते रुग्णालय आज अंगीकृत (योजनेत सामील) आहे का, दोन्ही विचारता येतं.

पिशवीत काय हवं: रेशनकार्ड आणि आधार (मूळ आणि दोन प्रती), चालू गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट, पाठवणीची चिठ्ठी. चिठ्ठीवर दिलेल्या औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ लिहून घेतलीच पाहिजे. सापाच्या लसीच्या १० कुप्या दिल्यात हे लिहिलेलं नसलं तर पुढचा डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो.

खासगीत जाणार असाल तर २०२१ च्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दाखल होण्याआधी खाटेचा रोजचा दर, डॉक्टरांच्या भेटीचा दर आणि अनामत हे तीन आकडे लिहून घ्या. औषध त्यांच्याच दुकानातून घ्यायची सक्ती करता येत नाही.

आणि हे बोलायला जड आहे, पण सांगितलं पाहिजे. साप, अपघात, विषबाधा यांत मृत्यू झाला तर शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाखांचं अनुदान मिळू शकतं. त्यासाठी शवविच्छेदन आणि पोलिसांचे कागद लागतात. मृत्यू गोव्यात झाला तर हे कागद आणि मृत्यूची नोंद गोव्यातच होते. ते पुरे करून घेतल्याशिवाय परत निघू नका. घरातल्या बाईला चार खेपा घालाव्या लागू नयेत.

सिस्टर_ताई

बाळंतपणाची जागा कळा सुरू झाल्यावर ठरवायची नसते. ३६ व्या आठवड्यात ठरवा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून ठेवा.

पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत उपकेंद्रात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, ती एकही चुकवू नका. सगळं सुरळीत असेल तर प्राथमिक केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय पुरतं. पण रक्तदाब १४०/९० किंवा वर, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, आधीचं सिझर, जुळं, आडवं किंवा पायाळू बाळ, अंगावरून रक्त जाणं, यातलं एक जरी असलं तरी सिझर आणि रक्त दोन्ही असलेली जागा धरा. तिथे तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्त. बोर्डावर शस्त्रक्रियागृह लिहिलेलं असतं आणि भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस येतात, असं होऊ शकतं. म्हणून वार विचारा. रात्रीचंही विचारा.

हिमोग्लोबिन कमी असेल तर दोन रक्तदाते आधीच ठरवा, त्यांचे गट तपासून. पावसाळ्यात तारीख येत असेल आणि वाडी ओढ्यापलीकडे असेल तर आठ दिवस आधी अलीकडे आणून ठेवा. दरड आली की आंबोली किंवा तिलारी घाट बंद होतो, त्यामुळे जोखमीच्या बाईसाठी बेळगाव-कोल्हापूरची योजना पावसाळ्यात आखू नका.

शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सिझर, रक्त, औषध, नेआण फुकट. जेवण साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझरला ७ दिवस. बाळ १८०० ग्रॅमपेक्षा कमी भरलं तर नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणी न्यायचं, वाटभर आईच्या छातीला उघड्या अंगाने लावून, वरून गोधडी. डब्यात किंवा टोपलीत बाळ गार पडतं. गोव्यात जन्म झाला तर दाखला गोव्याचाच, नोंद २१ दिवसांत होते. नाव-आडनावाचं स्पेलिंग आईच्या आधारप्रमाणे आहे का ते तिथेच पाहा, दुरुस्तीला पुन्हा तिकडेच जावं लागतं.

पाणंद

तापाचं राहिलं. तालुक्यापुरतं ऋतू पाहून विचारा. जानेवारी ते मे, काजूत किंवा रानात जाणं, माकडं मेल्याची खबर, एकदम चढलेला ताप आणि डोकं फुटेल असं दुखणं: माकडताप. गोचीड चावल्याचं आठवत नसलं तरी प्राथमिक केंद्रात जाऊन रक्त द्या. जून ते ऑक्टोबर, चिखलात भातलावणी किंवा कापणी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, लघवी कमी: लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). चिखलात उतरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम दिली जाते. ती आरोग्यसेवकाकडून घ्या, गरोदर बाईने आणि लहान मुलांनी नाही. लेप्टोत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मूत्रपिंडाला मारतं, डेंग्यूत रक्तस्राव वाढवतं. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. लघवी थांबली, डोळे पिवळे झाले, दम लागला, हिरडीतून रक्त आलं किंवा बोलण्यात भ्रम दिसला तर प्राथमिक केंद्रात रात्र काढायची नाही. डायलिसिस आणि प्लेटलेट असलेल्या जागी त्याच दिवशी.

कुळागर

फार उपयोग झाला. कुत्रा चावल्याची ओळ कशी लिहू? आणि फलकावरची माहिती किती दिवसांनी बदलायची?

पाणंद

कुत्रा, मांजर, माकड: वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, तेल काही नाही. त्याच दिवशी प्राथमिक केंद्र. कातडीत टोचायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडात स्नायूत टोचली तर १४ वा दिवसही. रक्त आलं असेल तर जखमेतच टोचायचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. ते सगळीकडे नसतं, म्हणून फोनवर नाव घेऊन विचारा. नसलं तरी पहिली लस जवळ घेऊनच पुढे जा.

फलकावर रोग आणि उपाय तेलरंगात लिहा. फोन नंबर, भूलतज्ज्ञांचे वार आणि लस शिल्लक आहे की नाही हे मात्र खडूने, वेगळ्या काळ्या पट्टीवर. ती पट्टी आशाताईंनी प्राथमिक केंद्राच्या मासिक बैठकीहून आल्यावर त्याच संध्याकाळी पुसून नव्याने लिहायची, आणि कोपऱ्यात तारीख घालायची. पावसाने खडू धुपतो, म्हणून जागा वळचणीखालची घ्या.